खंडेनवमीचा नाडा

"पाच वाजता टेम्पो येनार हाय. तवर झाली तर झाली, न्हाई तर मशीन एक्सचेंजला चालली," एवढं सांगून शिवाप्पा चपला घालून आपल्या कापडाच्या दुकानात निघून गेले. साडेअकरा वाजले होते. त्यांच्या घरच्या पडवीत शिलाई मशीनचं हेड उलटं करून मी घामाघूम बसलो होतो.

हेड म्हणजे मशीनचा वरचा काळा भाग, ज्यात सुई असते. खाली लोखंडी स्टँड आणि पायडल. माझं दुकान परळीला होतं, पण एवढं जड धूड कोण उचलून आणणार? म्हणून बॅग घेऊन मीच एसटीने जायचो. त्या दिवशी सिरसाळ्याला आलो होतो. शिवाप्पांच्या वडिलांनी निजामाच्या राज्यात हैदराबादहून आणलेली ही विलायती मशीन. तक्रार एकच: हेडच्या टोकाचं, हाताने फिरवायचं चाक फिरत नाही. दोन्ही पाय लावून पायडल मारलं तरी सुई कशीबशी एकदा खाली जायची.

माझ्याआधी तिच्यावर पंप दुरुस्त करणाऱ्याचा हात फिरून गेला होता. त्याने दिसेल तो स्क्रू आवळून ठेवला होता. आपल्याकडे मेकॅनिकला नेहमी सगळ्यात शेवटी बोलावतात, आणि मग त्यालाच विचारतात, इतका वेळ का लागतो?

एक्सचेंज हा शब्द तेव्हा गावात नवाच आला होता. जुना टीव्ही द्या, नवा न्या. जुनी मशीन द्या, मोटारवाली न्या. सिरसाळ्यात दिवसातून सहा तास लाईट नसायची, तिथे मोटारची मशीन कशाला, हे कोणी विचारत नव्हतं.

पण खरी गोष्ट मला मंगलताईंनी सांगितली. त्या शिवाप्पांच्या पत्नी. पाणी द्यायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, नवी मशीन घरी येनार न्हाई. दुकानात ठेवून कारागीर लावनार हायेत. ही गेली की माजं काम गेलं. शाळेच्या पोरींचे फ्रॉक घेतलेत शिवायला, पंधरा ऑगस्टला घालायचेत. आता परत करू का?"

मी म्हणालो, "ताई, चारपर्यंत तुमच्या ताब्यात देतो."

असं बोलू नये. पण मी अकरा वर्षं हेच करत होतो, आणि मला वाटायचं, मशीन माझ्याशी लपवाछपवी करत नाही.

मशीनची झाकणं काढली तर आत सगळीकडे पिवळट चिकट लगदा. मी बोटाने काढून वास घेतला. करडईचं तेल! मशीनला मशीनचंच तेल लागतं. खायचं तेल काही महिन्यांत डिंकासारखं घट्ट होतं आणि त्यात धूळ बसते.

"हे कोणी घातलं?"

"म्या," शिवाप्पांच्या आई म्हणाल्या. काकू सत्तरीच्या पुढच्या, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. सकाळपासून समोर पाट टाकून बसल्या होत्या, राखणीला बसल्यासारख्या. "दर खंडेनवमीला घालते. तुमच्या त्या बाटलीतल्या तेलाला रॉकेलचा वास येतो. पूजेला कसं चालंल?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात, तशी इथे मशीन पुजली जायची. हळद-कुंकू, गोडं तेल, आणि चाकाजवळ लाल-पिवळा नाडा. दरवर्षी नवा नाडा, जुना सोडायचा नाही. चाक आणि मशीनचं अंग जिथे भेटतं तिथे नाड्यांचं कुंकवाने माखलेलं मनगटाएवढं वेटोळं झालं होतं.

"त्याला हात लावायचा न्हाई," काकू म्हणाल्या.

"नाही लावत. नाडा काही मशीनचा पार्ट नाही."

दोन तास मी रॉकेल आणि ब्रशने आतला चिकटा काढला. पंपवाल्याने आवळलेले स्क्रू सैल केले. नवं तेल घातलं. चाकाला हात लावला. तसंच जड.

मग शटल काढलं. शटल म्हणजे सुईखाली फिरणारा तुकडा, जो खालचा दोरा वरच्या दोऱ्यात अडकवतो. त्यात काही अडकलं की मशीन जाम होते. काही अडकलं नव्हतं. पट्टा काढला, म्हणजे पायडलचा संबंधच संपला. तरी जड. मग सुईचा दांडा सोडवला. तरी जड! दुपारचे अडीच वाजले. भाकरी समोर आली, ती तशीच झाकून ठेवली. मला त्या मशीनचा, पंपवाल्याचा आणि स्वतःच्या तोंडाचा राग आला होता.

"काय झालं वो?" शिवाप्पा मधेच डोकावले. "लोखंड झिजलं आसंल. जाऊ द्या."

"झिजलेलं लोखंड ढिलं होतं, अप्पा. जड होत नाही," मी जरा जोरातच म्हणालो. ते परत गेले.

पण ते बोलता बोलता माझ्याच डोक्यात उजेड पडला. सुई सुटी, शटल सुटं, पट्टा सुटा. आता उरला होता फक्त वरचा आडवा दांडा, जो चाकापासून सुईपर्यंत जातो. तो धरला जाईल अशी एकच जागा मी उघडून बघितली नव्हती. नाड्याखालची.

"काकू, नाडा काढावा लागेल."

"मी काय सांगितलं व्हतं?"

"काढल्याशिवाय चाक निघत नाही."

"मग नका काढू चाक."

मी कपाळाला हात लावला. समजावून सांगितलं, हात जोडले, मशीन मेली असं सुद्धा म्हणालो. काकू ढिम्म. "तोडला तर अपशकुन व्हतो. आमच्या मालकांनी, शिवाप्पाच्या बानं, बांधलेला बी हाय त्यात."

तेवढ्यात मंगलताई आतून आल्या. इतका वेळ सासूसमोर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "आत्याबाई, नाडा ठेवायचा का मशीन? पाचला टेम्पो दोनी घेऊन जाईल."

काकू पाटावरून उठल्या. "कातर लावायची न्हाई. मी सोडते."

आणि एकेक गाठ नखाने सोडायला लागल्या. हा गेल्या सालचा, हा थोरली बाळंत झाली त्या सालचा. मी घड्याळ बघत होतो. चार वाजले, सव्वाचार. शेवटचा नाडा मात्र बाहेर येईना. त्याचं टोक चाकाच्या फटीत गेलं होतं.

"ह्यो मालकांचा," काकू म्हणाल्या.

मी चाकाचा मधला नट फिरवला, चाक ओढून काढलं. आत दांड्याभोवती तो नाडा पाचरीसारखा घट्ट बसला होता, चाकाबरोबर वर्षानुवर्षं आत ओढला गेलेला. सुईच्या टोकाने उकलून अख्खा काढला आणि काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांना लावला.

मशीन जोडली. चाक एका बोटाने फिरलं.

टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा लाईट गेलेली होती आणि मंगलताई फ्रॉकची दुसरी बाही शिवत होत्या. शिवाप्पा दारात उभे राहिले.

"टेम्पोवाल्याला काय सांगू?"

"च्या पाजून लावून दे," काकू म्हणाल्या, आणि आतून नवा नाडा घेऊन आल्या. सरळ चाकाकडे!

"काकू, तिथे नाही!" मी ओरडलोच.

"मग कुटं, पायडलला बांधू? पायाला लागंल तिथं?"

बरीच हुज्जत झाली. शेवटी स्टँडच्या ड्रॉवरची मूठ ठरली.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी शिवाप्पांचा दुकानातून फोन आला. मशीन झकास चालली होती, पण काकूंनी खंडेनवमीचा नाडा मूठ आणि स्टँड मिळून बांधला होता, त्यामुळे ड्रॉवर उघडत नव्हता. खालच्या दोऱ्याच्या बॉबिना सगळ्या आत.

तेव्हापासून मी कोणाच्या घरी गेलो की पाना बॅगेतच ठेवतो. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो, पूजा कुठे करता.