कार्डावरचे हात

माझी नणंद कपड्यांची डिझायनर आहे. आहे म्हणावं की होती म्हणावं, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. नोकरी तिने कधी केली नाही. घराच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा, आणि जो येईल त्याचं काम. बँकेच्या पहारेकऱ्यांचे गणवेश तिने काढले, शाळेची दप्तरं काढली, एकदा तर कुत्र्यांचे स्वेटर काढले. "कुणाची नोकर नाही आणि सगळ्यांची हमाल," असं मी तिला चिडवायची. ती हसायची आणि दुपारचं जेवण चार वाजता गार करून जेवायची.

चाळिशी जवळ आली तशी तिच्या मनाने काहीतरी घेतलं. एके दिवशी भाजी निवडताना मला म्हणाली, "वहिनी, उद्या मी मेले तर मागे काय राहणार? कुत्र्यांचे स्वेटर?" मी म्हटलं, "कुत्री तरी आठवण काढतील." त्या दिवशी ती हसली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की बाईसाहेब आता काहीतरी मोठं डोक्यात घेणार.

त्याच सुमारास तिची गाठ एका बाईंशी पडली. नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांसाठी बाई शिवणकेंद्र चालवायच्या. केस पांढरे, आवाज खणखणीत, आणि कोणी फालतू बोललं की चष्म्यावरून बघायची सवय. केंद्राची जागा मालकाने परत मागितली होती. नणंदेकडे जागा होती, शिवायला माणसं नव्हती. दोघींनी अर्ध्याअर्ध्या भागीदारीत कपडे काढायचं ठरवलं. गिरण्यांमध्ये उरलेल्या कापडाचे शर्ट, या बायकांनी शिवलेले, आणि घेणाऱ्याला ते कोणी शिवले हे कळलं पाहिजे, ही नणंदेची अट. घर आमचं, पण मला कोणी विचारलं नाही. आमचे हे म्हणाले, "करू दे, एवढं मनावर घेतलंय तिने." बरोबरच आहे. बारा जणींचा चहा काही यांना करायचा नव्हता.

बाईंचा एकच नियम होता. कुणाचं नाव बाहेर सांगायचं नाही, कुणाचा फोटो काढायचा नाही. आम्ही तर त्यांना कामावरूनच हाका मारायचो. कापणारी, इस्त्रीवाली, कॉलरवाली. आणि एक काजवाली.

काजवालीला मशीनवर काज करणं पसंत नव्हतं. सुई-दोऱ्याने, एकेक टाका गाठीचा घालत ती बटणाचं घर असं बांधायची की शर्ट फाटला असता, काज उसवलं नसतं. एका शर्टाला आठ काजं, आणि आठही एका मापाची. वय तिशीच्या आत. तिसरीत शिकणारी एक मुलगी. बोलायची मोजकं, पण माझ्याशी सूत जुळलं होतं, कारण दोघींनाही चहात साखर जास्त लागायची आणि दोघींनाही त्याबद्दल बोलणी बसायची. मुलगी शाळेतून आली की माझ्या ओट्याजवळ बसून पाढे म्हणायची आणि सातच्या पाढ्यात हटकून अडकायची. मीही मुद्दाम सातचाच विचारायची.

पहिले शर्ट तयार झाले आणि नणंदेला अडचण पडली. नाव नाही, चेहरा नाही, मग कोणी शिवलं हे दाखवायचं कसं? दोन दिवस ती टेबलाभोवती येरझाऱ्या घालत होती. तिसऱ्या दिवशी ओरडतच स्वयंपाकघरात आली. "हात, वहिनी! हात दाखवायचे!"

खरं सांगते, मलाही ते पटलं. बाईंनाही पटलं. हातांना काय नाव असतं, की गाव असतं? नणंदेने बाराही जणींच्या हातांचे फोटो काढले, काम करताना, खिडकीच्या उजेडात. सगळ्या हसत होत्या, एकमेकींच्या नखांवरून चेष्टा चालली होती. मग तिने ते टेबलावर मांडले आणि एकच निवडला. काजवालीचा. तिच्या उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरात वाकडी होती, आणि मनगटावर भाजल्याचा लांबट डाग होता. शर्टाच्या काठावर ते हात असे ठेवलेले की बघत राहावं.

काजवालीने फोटो पाहिला आणि म्हणाली, "ताई, दुसऱ्या कोणाचे घ्या ना."

"अगं, तुझेच सगळ्यात सुंदर आहेत."

"ते बोट वाईट दिसतं."

"त्या बोटामुळेच तर!" नणंद म्हणाली. "तुला नाही कळायचं. माझं ऐक."

तिने ऐकलं. ज्यांच्या छपराखाली बसायचं त्यांचं ऐकायचं, एवढं तिला आयुष्याने शिकवलेलं होतं. आम्हाला वाटलं, लाजतेय. मी तर वर म्हटलं, "आता तू मोठी माणूस झालीस, आमच्याशी बोलशील ना?" माझी जीभ तेव्हाच झडली असती तर बरं झालं असतं.

कार्ड छापून आलं. एका बाजूला हात. दुसऱ्या बाजूला नणंदेने स्वतः लिहिलेल्या चार ओळी, की आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, शर्ट कुठे आणि कसा शिवला जातो ते कधीही येऊन बघा. खाली आमच्या घराचा पत्ता, अगदी बसथांब्यापासून कसं यायचं त्यासकट. मोठे कारखाने बायकांना कोंडून राबवतात आणि ताकास तूर लागू देत नाहीत, म्हणून हिचा सगळा उघडा कारभार. प्रत्येक शर्टाच्या खिशात ते कार्ड गेलं, आणि चांगलं दिसतं म्हणून तोच फोटो फोनवरूनही गावोगाव गेला.

शर्ट काही फारसे खपले नाहीत. दुकानदार म्हणायचे, कापड छान, पण गिऱ्हाईकाला शर्ट हवा असतो, बायकांची कर्मकहाणी नको. गठ्ठे परत यायचे. नणंदेचं तोंड उतरायचं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलाशी उभी. एक शब्द कौतुकाचा ऐकायला ती आसुसली होती.

तो शब्द एका बुधवारी अकराच्या सुमाराला आला. दारात एक माणूस. इस्त्रीचे कपडे, हातात आमचा शर्ट आणि कार्ड. बूट बाहेर काढून ठेवले. पत्ता वाचून आलो म्हणाला, काम बघायचंय. नणंदेने त्याला टेबलापाशी बसवलं. मी चहा दिला. त्याने काजावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे हाताने केलंय. असं काम आता कोण करतं हो!"

नणंद हरखून गेली. काज कसं घालतात, दोऱ्याला मेण का लावतात, सगळं त्याला सांगत सुटली. तो मान डोलावत होता. चहा अगदी सावकाश प्यायला. मग कार्डावरच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "यांना भेटता येईल?"

बाई त्या दिवशी कापड बघायला गेल्या होत्या. त्या असत्या तर चष्म्यावरून बघितलं असतं आणि तिथेच ओळखलं असतं. आम्ही दोघी बसलो होतो कौतुक ऐकत. बायका शिवायला बसायच्या त्या मागच्या पडवीकडे तोंड करून नणंदेने हाक मारली, "अगं काजवाली, इकडे ये जरा! तुला बघायला आलेत."

ती आली. हातात सुई तशीच. त्याला पाहिलं आणि उभी राहिली. ओरडली नाही, मागे सरली नाही. 

"बोट नीट बसलं नाही वाटतं तुझं," तो म्हणाला. "चल."

नणंद मध्ये आली. "ती कुठेही जाणार नाही. तुम्ही आधी बाहेर व्हा."

"तिलाच विचारा की," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पोरगी गाडीत बसलीये. दोन दिवस नजर ठेवून शाळा बघून ठेवली होती. आज गेलो, बाप म्हणून सही केली, दिली त्यांनी."

काजवालीने सुई कापडात खोचली. शर्टाची घडी घातली. नणंदेकडे बघून म्हणाली, "सोडा ताई. पोरगी गाडीत आहे." आणि चपला घालून त्याच्या मागून गेली. मी फाटकापर्यंत धावले. मागच्या काचेतून मुलगी मला हात करत होती. बाबा न्यायला आले म्हणून खुशीत होती की घाबरली होती, मला कळलं नाही.

पोलिसांनी आमचं ऐकून घेतलं. म्हणाले, नवरा आहे, बाप आहे, ती स्वतःच्या पायांनी गेली. तक्रार तिने करायला हवी.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या, टेम्पो घेऊनच. नणंद रडत होती. बाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक तुझी एकटीची नाही. चेहरा नको, नाव नको, एवढंच माझ्या डोक्यात आलं. हातांवरूनही ओळखता येतं, हे मलाही सुचलं नाही. पण नको म्हणाली होती ना ती? तुला म्हणाली होती ना?"

नणंदेने मान हलवली.

"बास तर मग," बाई म्हणाल्या. अकरा जणींनी मशिनी उचलून टेम्पोत चढवल्या. इस्त्रीवाली जाताना माझ्या गळ्यात पडली. नणंदेकडे कोणी वळूनही बघितलं नाही. भागीदारी अशी दहा मिनिटांत संपली.

त्यानंतर नणंदेने अर्ज लिहायला घेतले. महिलांच्या कार्यालयाला, पोलिसांच्या वरच्या साहेबांना, मुलांच्या समितीला. काजवालीच्या नवऱ्याचं गाव बाईंच्या जुन्या कागदांत होतं, तेवढं त्यांनी दिलं. हिचं काम ते हिचं काम. समास सोडलेला, अक्षर छापल्यासारखं, एक खाडाखोड नाही. डिझाईनचं काम सगळं बंद. सात महिन्यांत नऊ अर्ज गेले. मधून मधून उत्तर यायचं, की चौकशीसाठी माणूस पाठवला होता, सदर महिलेने तक्रार नसल्याचे सांगितले. नणंद म्हणायची, "दबावाखाली सांगितलं असणार. पुन्हा पाठवायला लावते." तेवढ्यावरच ती जगत होती. मीही तिला अडवलं नाही. निदान सकाळी उठून आंघोळ तरी करायची.

परवा दुपारी माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. "वहिनी, मी काजवाली," पलीकडून आवाज आला. मी विचारलं, "कशी आहेस? पोरगी कशी आहे?"

"वहिनी, ऐका. ताईंना म्हणावं, माणसं पाठवू नका. चौकशीवाले येतात, विचारतात, निघून जातात. मग आमच्या दोघींचं काय होतं, ते आम्हाला माहीत. या वेळी पोरीलाही." मागे कोणीतरी दार वाजवलं. "ठेवते," म्हणाली, आणि फोन ठेवला.

 मी तडक मागच्या खोलीत गेले. नणंद दहाव्या अर्जाची नक्कल करत होती. मी तिला सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. लपवला असता तर तिने तो अर्ज पोस्टात टाकला असता.

तिने विचारलं, "माझ्यावर चिडली होती का?"

"नाही," मी म्हटलं. चिडायला तिला वेळच मिळाला नव्हता.

"मग आता आपण काय करायचं, वहिनी?"

"काही करायचं नाही."

"काहीच?"

"काहीच नाही."

तिने अर्जाचे चार तुकडे केले. नंतर पाटावर बसवलेल्या मुलासारखी हात मांडीत घेऊन बसली, आणि मी शेजारी बसले. अर्ज गेला असता तर महिन्याभरात त्या दोघींच्या दारात चौकशीचा माणूस पोचला असता. आता पोचणार नाही. आमच्याकडून त्यांच्यासाठी होण्यासारखं एवढंच उरलं होतं, आणि ते आम्ही करत बसलो होतो.