शिट्टी माझी आहे

“ह्या बाजूनं सांग,” असं म्हणत बाई आपली खुर्ची तिरकी करायच्या, डावा कान पुढं करायच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून समोरच्याच्या ओठांकडं बघत राहायच्या. वकीलखोलीत या तिरक्या बसण्याला मोठा मान होता. बाई विचार करायला लागल्या की अशा बसतात, असं सगळे समजत. दोन तरुण वकील तर तसे बसायलाही लागले होते.

मीही तेच समजत होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी त्यांच्याकडं ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा बाई पन्नाशीच्या आसपास होत्या. लग्न केलेलं नव्हतं. धारवाडात केलगेरीच्या तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर, आणि घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. मागच्या खोल्यांत त्यांचे थोरले भाऊ राहात, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो.

बाईंकडं येणाऱ्यांत बायका जास्त. नवऱ्यानं टाकलेल्या, दिरांनी घराबाहेर काढलेल्या. या बायका कशा बोलतात ते तुम्ही पाहिलं असेल. पदराचं टोक तोंडाशी, नजर खाली, आणि खरं सांगायचं असेल तेव्हा आवाज आणखी खाली. बाई त्यांना कानडीत म्हणायच्या, “सावकाश हेळव्वा.” सावकाश सांग गं बाई. बायकांना वाटायचं, वकीलबाई मायाळू आहेत. त्या मायाळू होत्याच. पण सावकाश सांगितल्याशिवाय त्यांना कळत नव्हतं, हे मला पुढं वर्षभरानं कळलं.

ते कळलं यल्लूबाईच्या तारखेला. यल्लूबाई अळणावरकडच्या एका खेड्यातली, शेतात राबणारी मराठी बाई. तिचा नवरा वारला आणि दिरांनी सांगून टाकलं की ही आमच्या भावाची बायकोच नव्हे, कामाला ठेवलेली बाई. लग्न देवळात झालेलं. ना फोटो, ना कागद. एक म्हातारी शेजारीण तेवढी लग्नाला हजर होती आणि त्या दिवशी ती साक्षीला आली होती. दोघी सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. म्हातारीला धड चालवत नव्हतं.

समोरच्या वकिलांनी उभं राहून पुढची तारीख मागितली. जज्जसाहेबांनी बाईंना विचारलं, तुमची काही हरकत? बाई ठामपणानं म्हणाल्या, “नाही, साहेब.” दोन महिन्यांनंतरची तारीख पडली. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. साक्षीदार हजर असताना बाई तारीख सोडून देतील, हे शक्यच नव्हतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं होतं, साहेब विचारताहेत की आणखी काही कागद दाखल करायचे आहेत का. व्हरांड्यात माझ्याशी बोलताना त्यांनी पहिल्यांदा ते कबूल केलं. उजवा कान जवळजवळ गेलेला होता, डावा निम्मा उरला होता, आणि हे तीन वर्षांपासून चाललं होतं. अण्णांनाही माहीत नव्हतं.

मग त्या तशाच यल्लूबाईकडं गेल्या. ती पायरीवर म्हातारीला पाणी पाजत होती. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चूक माझी झाली. मला नीट ऐकू येत नाही. तुला दुसरा चांगला वकील बघून देते.”

यल्लूबाईनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. “नको आक्का,” ती म्हणाली. “त्यास्नी पयल्यापासनं सगळं सांगाय लागंल. ते दोनदा सांगाय माझ्यानं व्हायचं न्हाई.”

बाईंनी फाईल आपल्याकडंच ठेवली. आणि दुसऱ्याच दिवशी कोर्टाला सुट्टी टाकून त्या मला घेऊन हुबळीला गेल्या.

एका अरुंद जिन्यावर कानाच्या मशीनवाल्याची खोली होती. भिंतींना फोम लावलेला, आत शिरताच आपलाच श्वास मोठा वाटावा अशी. त्यानं बाईंच्या कानांची तपासणी केली आणि आठ-दहा दिवसांनी कानामागं बसणारी दोन मशीनं तयार करून दिली. बाईंनी विचारलं, हे घातल्यावर सगळं ऐकू येईल ना? तो म्हणाला, “सगळंच ऐकू येईल बाई. तीच तर अडचण आहे.” पहिले पंधरा दिवस फक्त घरात, शांत खोलीत, तासभर घाला असं त्यानं दोनदा बजावलं.

बाईंनी दुसऱ्या दिवशी ती घालून थेट कोर्ट गाठलं.

आपण कोर्टात बसतो तेव्हा आपल्याला वाटतं, तिथं फक्त माणसं बोलताहेत. बाईंनी मला नंतर यादी सांगितली. पंख्याची घरघर. टाइपरायटर. बाक सरकवल्याचं किंचाळणं. कागद उलटल्याचा आवाज, तो तर पत्रा फाटल्यासारखा. खिडकीवरच्या कबुतरांचे पंख. बाहेर शिपाई नावं पुकारत होता तो जणू त्यांच्या डोक्यातच उभा होता. हे सगळं एकाच उंचीनं, एकाच वेळी आत घुसत होतं, आणि साहेब काय बोलताहेत तेवढं मात्र त्यात सापडत नव्हतं.

त्यांनी वैतागून कपाळ हातावर टेकवलं. तळवा कानाजवळ गेला आणि मशीन वाजलं. बारीक, लांबलचक शिट्टी. साहेबांनी मान वर केली. शिपाई मागच्या बाकांकडं धावला आणि एका टोपीवाल्या शेतकऱ्याला दरडावू लागला. तो बिचारा हात जोडून, मी नव्हे म्हणून सांगत होता.

बाई उठून उभ्या राहिल्या. “शिट्टी माझी आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. “मला कमी ऐकू येतं. आजच मशीन घातलं आहे. त्या माणसाला बसू द्या.”

वीस-पंचवीस वकील, तेवढेच पक्षकार, सगळे बघत होते. मला लाजल्यासारखं झालं आणि लगेच त्या लाजेचीच लाज वाटली. साहेबांनी मान हलवली, काम पुढं चाललं. पण तीन वर्षं लपवलेली गोष्ट अर्ध्या मिनिटात गावभर झाली. त्या महिन्यात चार पक्षकार आपल्या फायली परत घेऊन गेले. वकीलखोलीत कुणी तिरकं बसेनासं झालं.

बाईंनी मशीनं पर्समध्ये टाकली नाहीत. तसं करणारे पुष्कळ असतात, मशीनवाल्यानंच सांगितलं होतं. त्या पुन्हा त्याच्याकडं गेल्या, त्याचं न ऐकल्याबद्दल त्याची माफी मागितली आणि पहिल्या इयत्तेपासून सुरुवात केली. तो म्हणाला होता की कानाला आवाज मिळाला तरी कोणता घ्यायचा आणि कोणता सोडायचा ते डोक्यालाच शिकावं लागतं, आणि बाईंचं डोकं ते विसरून गेलं होतं.

घरात बसून त्या एकेक आवाज ओळखू लागल्या. फोडणीतली मोहरी. नळाचं ठिबकणं. एकदा मी गेले तर त्या भिंतीवरच्या घड्याळाखाली उभ्या होत्या आणि अण्णांना विचारत होत्या की हे कधीपासून वाजतंय. अण्णा म्हणाले, आणलं तेव्हापासून. दुसरी गोष्ट त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितली. संध्याकाळी आतल्या खोलीत अण्णा हळू आवाजात बोलत असत. आज पेपरात काय आलं, गुडघा कसा दुखतोय, तुझी वहिनी असती तर काय म्हणाली असती. ते बहिणीशीच बोलत होते, आणि उत्तर येत नाही याची त्यांना सवय होऊन गेली होती. ज्या संध्याकाळी बाईंनी स्वयंपाकघरातून पहिल्यांदा उत्तर दिलं, त्या संध्याकाळी अण्णा बोलता बोलता थांबले आणि उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

घर जमलं. कोर्ट जमेना. तेव्हा बाईंनी ठरवलं की कोर्टापेक्षा मोठ्या गोंगाटात जाऊन शिकायचं.

दर शनिवारी दुपारी आम्ही बस पकडून हुबळीला दुर्गदबैलात जायचो. तुम्ही ती पेठ पाहिली असेल तर मला वेगळं सांगायला नको. कापडाची, धान्याची, लोखंडी सामानाची दुकानं, मधून हातगाड्या, ऑटो, हमालांच्या आरोळ्या, सळ्या उतरवल्याचा खणखणाट. धान्याच्या एका दुकानापाशी बाई उभ्या राहायच्या आणि डोळे मिटायच्या. ओठ बघायचे नाहीत, हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम. मग एकच आवाज धरायचा. समजा, तराजूत वजन ठेवल्याचा. बाकी सगळं मागं जाईपर्यंत तोच धरून ठेवायचा. पहिल्या शनिवारी दहा मिनिटांत त्यांच्या डोक्यात घण पडू लागले. कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी ताक घेतलं, घाम पुसला आणि म्हणाल्या, “चल, आणखी पाच मिनिटं.”

पुढच्या महिन्यात माझं काम वाढलं. मी त्यांच्या उजव्या बाजूनं चालायचं, यल्लूबाईची फाईल नेहमीच्या आवाजात वाचायची आणि त्यांनी वाक्य परत म्हणून दाखवायचं. मिरचीच्या पोत्यांमधून मी वाचत चालले आहे, “वादी ही मयताची कायदेशीर पत्नी असून,” आणि शेजारून बाई डोळे अर्धे मिटून तेच म्हणताहेत. एकदा कोर्टाची ही भाषा ऐकून लोखंडी सामानाचा दुकानदार धावत आला. जप्ती कुणाच्या दुकानाची आहे, हे त्याला खात्रीनं कळायला हवं होतं. त्याची समजूत काढेस्तोवर आणखी तिघं गोळा झाले. बाई इतक्या हसल्या की दोन्ही मशीनं ढिली झाली.

असे शनिवार किती झाले ते मी मोजले नाहीत, पण पावसाळा गेला आणि थंडी येऊन गेली. मी सव्वीस वर्षांची होते आणि कंटाळायचे. त्या कधी कंटाळल्या नाहीत. दुखणारं डोकं धरून त्या गर्दीत उभ्या असलेल्या दिसल्या की मला वाटे, एवढ्या वयात माणूस इतकं नव्यानं शिकतं कसं?

मधल्या काळात म्हातारीची साक्ष झाली होती. आता यल्लूबाईचा धाकटा दीर पिंजऱ्यात आला. तिशीचा, खांद्यानं रुंद, आवाज मात्र तोंडातल्या तोंडात. यल्लूबाई त्या घरात आली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा असणार. बाई उलटतपासणीला उभ्या राहिल्या. त्यांनी लग्नाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. घरात चूल कुठं आहे, गोठा कुठल्या अंगाला, असलं काहीतरी विचारत राहिल्या. समोरचे वकील जांभई देऊ लागले.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला लहानपणी गोवर आला होता, तेव्हा उशाशी कोण बसत होतं?

पंखे चालू होते. टाइपरायटर खडखडत होता. आवारात एक जीप सुरू होत नव्हती आणि ड्रायव्हर ती पुन्हा पुन्हा सुरू करत होता. मी बाईंच्या शेजारीच होते. मला एवढंच ऐकू आलं, “आई. माझी आई.” टाइपिस्टनं तेच लिहिलं.

बाई म्हणाल्या, “साहेब, साक्षीदार ‘आई’च्या आधी एक शब्द बोलले आहेत. तो लिहून घ्यावा.”

साहेबांनी काही ऐकलं नव्हतं. समोरचे वकील म्हणाले की बाईंच्या मशीनला काय काय ऐकू येतं ते सगळ्या कोर्टाला माहीत आहे. मागं थोडा हशा पिकला. बाईंनी तिकडं बघितलंही नाही. त्या साक्षीदाराला म्हणाल्या, “मी ऐकलं आहे. तुम्हीही ऐकलं आहे. आता साहेबांना ऐकू जाईल असं बोला.”

मग त्यानं बाकावर बसलेल्या यल्लूबाईकडं बघितलं. ती रडत नव्हती, रागावलेली नव्हती. नुसती बघत होती.

“वैनी म्हणालो,” तो म्हणाला. थोरल्या भावाच्या बायकोला आमच्याकडं कानडी आणि मराठी दोन्ही घरांत वैनीच म्हणतात. साहेबांनी टाइपिस्टला थांबवलं. पठ्ठ्यानं मग सगळं सांगून टाकलं. “वैनीच बसायची. आईला तवा दिसत न्हवतं. एकवीस दिवस वैनीच बसली.”

बाईंनी आणखी एकही प्रश्न विचारला नाही.

बाहेर येऊन त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. दोन्ही मशीनं काढून त्यांनी ओंजळीत घेतली. त्या स्वतःशीच हसत होत्या. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद असेल. पण त्या आश्चर्य वाटल्यासारख्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, “पंखा होता गं. टाइपरायटर होता. ती जीप होती. आणि त्यातून तेवढा एक शब्द सरळ चालत आला.” मशीनं काढलेली असल्यानं मी हळू काही बोलले असते तरी त्यांना ऐकू आलं नसतं. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. असं मी आधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

निकाल लागायला वर्ष गेलं. यल्लूबाई मयताची पत्नी आहे, असं कागदावर आलं. शेतातला आणि घरातला वाटा तिला मिळाला. धाकटा दीर तिच्या बाजूच्या खोलीतच राहतो, असं तिनं पुढं कधीतरी सांगितलं.

बाईंनी त्यानंतर दहाएक वर्षं काम केलं. गेलेल्या चारांपैकी दोन फायली परत आल्या. दोन हजार आठच्या सुमारास थोड्याच दिवसांच्या आजारानं बाई गेल्या. अण्णांनी पुढची खोली मला वापरायला दिली, आणि मी फायली ज्यांच्या त्यांना परत करू लागले.

आठवड्यातून दोन-तीन बायका यायच्या. एके सकाळी एक बाई आली. साठीची असेल, हातात पिशवी. मी नाव विचारून सगळं कपाट शोधलं. तिची फाईल नव्हती. ती म्हणाली, फाईल नव्हतीच कधी. कोर्टाचं काही काम नाही. आक्कांशी बोलायला ती वर्षातून एकदा यायची.

बाई गेल्याचं मी तिला सांगितलं. ती बाकावर बसली. मी पाणी दिलं, चहा करवला. मग समोर बसून म्हटलं, मला सांगा, मी त्यांच्याच हाताखालची आहे.

तिनं माझ्याकडं बघितलं. सांगावं की नाही, ते ती खरोखरच ठरवत होती. मग तिनं पिशवी उचलली.

“असू दे बाई. पयल्यापासनं सांगाय लागंल,” ती म्हणाली आणि दुपारच्या गाडीची वेळ विचारून निघून गेली.