बंद माईक

कार्यक्रम संपल्यावर सतरंजी गुंडाळताना माझ्या माईकची वायर हातात आली. तिचं दुसरं टोक कुठेच जोडलेलं नव्हतं. सतरंजीखाली नीट दडवून ठेवलेलं होतं.

राजपुऱ्यातल्या सरांच्या भावगीत मंडळात मी दुसरी पेटी वाजवते. पहिली त्यांचा पोरगा. मी स्पीकरवाल्याला विचारलं, तर तो बिचारा खरं बोलून गेला. "सरच बोलले होते. पोरीचा माईक चालू नका करू, फक्त दिखला पाहिजे."

म्हणजे अख्खा कार्यक्रम मी फुकट बोटं मारली. केळीच्या बागेतलं काम टाकून बाप आमच्या गावाहून, चांदनीहून, ऐकायला आला होता. "तुझी आवाज तर आलीच नाही वं," तो मघाशी म्हणाला, तेव्हा मी त्याच्या कानांना दोष दिला होता.

बसायच्या आधी मी सरांच्या पाया पडले होते. डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "खुलून वाजव, बेटा." बॅनरवर मात्र 'खेड्यातली प्रतिभा' म्हणून माझाच फोटो. शोभेची बाहुली हवी होती ह्यांना.

जाब विचारला तर हसले. "राग नको मानू. पब्लिकसमोर सूर बिघडला असता, तर तुझीच इज्जत गेली असती ना?"

माझ्या इज्जतीची काळजी ह्यांना! थू!

माझा हात कच्चा आहे, हे खरंच. सरांचा पोरगा बोलायला लागला तेव्हापासून पेटीवर बसतो. गुरू घरातच. मी गावच्या भजनी मंडळाची फाटक्या भात्याची पेटी मागून आणून शिकले. त्याची बोटं धावतात, माझी अडखळतात. त्याचं ऐकून कितीदा वाटलं, सोडून द्यावं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, का म्हणून सोडू?

पुढच्या कार्यक्रमात तबला जुळवून झाला आणि मी उठले. माझ्या माईकची सुटीच ठेवलेली वायर धरून लोकांसमोरून स्पीकरवाल्याकडे गेले.

"लाव."

त्याने सरांकडे बघितलं.

"त्यांच्याकडे नको बघू. लाव."

लावली.

अंतऱ्यात माझा सूर चुकला. सगळ्यांना ऐकू गेला. पोरगा फिसकन हसला. मी हात थांबवला नाही.

दर गुरुवारी तालमीला अजून जाते. त्या पोराच्या शेजारीच बसते. तो चांगला वाजवतो, वाजवू दे. त्याच्याकडून घेता येईल तेवढं ओढून घेईन. सरांच्या पाया पडणं बंद. हाकलायचं असेल तर चारचौघांत, तोंडावर हाकला. मी आपणहून उठणार नाही.