रेघ बारीक ठेव, वहिनी

वाल सोलत बसले होते तेव्हा फोन वाजला. बोटं चिकट झाली होती म्हणून पहिल्यांदा वाजू दिला. लगेच पुन्हा वाजला. पेणहून रंजनाचा होता. रंजना म्हणजे वन्संच्या दुकानाशेजारी शिवणकाम करणारी. एरवी ती आधी "जेवलात का काकू" विचारते. त्या दिवशी एकदम म्हणाली, "काकू, ताई दार उघडत नायत. दुधाची पिशवी कडीला तशीच हाय. काय करू?" मी म्हटलं, "माणसं बोलाव आणि कडी तोडा." इतक्या सरळ आवाजात मी ते कसं बोलले, मला अजून कळत नाही... थोड्या वेळाने तिचा परत फोन आला. वन्सं झोपेतच गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार.

गणपती जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी तशीच निघाले. रोह्याहून नागोठणे करत एसटी वडखळला आली आणि नेहमीसारखी गाड्यांच्या रांगेत अडकली. शेजारच्या बाईने विचारलं, "कुठं, माहेरी?" म्हटलं, "नणंदेकडे." ती हसून म्हणाली, "बरं हाय, नणंदेकडे जावंसं वाटतं म्हणजे." मी मान हलवली.

सुमन वन्सं माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, पण माझ्याहून वयाने मोठ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या पेणच्या एका छापखान्यात छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला जात होत्या. संध्याकाळी घरी आल्या की बोटांची टोकं काळी असायची आणि त्या हातांनी त्या मला भाकरी वाढायच्या नाहीत. पुढे छापखान्यात कॉम्प्युटर आला. खिळे जुळवणारी बाकीची माणसं एकेक करून घरी बसली. वन्सं मात्र महिनाभर सुट्टी टाकून पनवेलला क्लासला गेल्या आणि परत आल्या त्या डीटीपी शिकून. काही वर्षांनी त्यांनी रामवाडीत स्वतःचा गाळा घेतला. पुढे टेबल आणि कॉम्प्युटर, मागे पडदा लावून राहायची खोली. लग्नाचं काय, असं सुरुवातीला सगळे विचारायचे. सासरे आजारी होते तोवर तो विषय निघायचा आणि मिटायचा. सासरे गेल्यावर विचारणारंच कोणी उरलं नाही. त्या स्वतः त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही.

लग्नपत्रिका त्या करायच्या, पण नाइलाजाने. त्यांचा जीव बिलबुकांत. पत्रिका लोक एकदा बघतात आणि टाकतात, म्हणायच्या, बिलावर मात्र माणूस रोज लिहितो. गिऱ्हाईक बिलबुक करायला आलं की त्या आधी त्याला कोऱ्या कागदावर एक बिल लिहून दाखवायला सांगायच्या. तो कुठे थांबतो, कुठे त्याचं अक्षर चेपतं, हे बघायच्या. मग कॉम्प्युटरवर चौकट आखायला घ्यायच्या. वर दुकानाचं नाव, खाली पत्ता, उजवीकडे बिल नंबर आणि तारीख, मग मालाचा तपशील, नग, दर, रक्कम... पेण, रोहा, अगदी जिते गावापर्यंतच्या दुकानांची बिलं त्यांच्या हातची असायची. जीएसटी आला तेव्हा सगळ्यांची जुनी बुकं एका झटक्यात रद्दी झाली आणि दुकानाबाहेरच्या ओट्यावर माणसं बसून राहिली. त्या दिवसांत मी फोन केला तर त्या हसत म्हणाल्या होत्या, "वहिनी, सरकारने माझी दिवाळी केली बघ." त्यानंतर मात्र एकेका दुकानात बिलाचं मशीन आलं आणि ओटा हळूहळू रिकामा झाला.

आमचे हे गेले तेव्हा वन्सं रोह्याला येऊन राहिल्या. दिवस झाल्यावर पिशवी भरताना म्हणाल्या, "येत जा गो." मी म्हटलं, "तुम्हीही." पण आमच्या दोघींमधलं माणूसच गेलं होतं. भाऊ नाही तर वहिनी कशाची आणि नवरा नाही तर नणंद कशाची? असं कोणी बोललं नाही, फक्त फोन कमी होत गेले. माझी मुलगी हैदराबादला. रविवारी तिचा फोन यायचा. सोमवार ते शनिवार घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नसायचा. कंपनीचा भोंगा झाला की अजूनही माझा हात डब्याकडे जायचा, हे शिफ्टला निघतील म्हणून.

असं दीडेक वर्ष गेलं आणि एका दुपारी वन्संचा फोन आला. "वहिनी, पेणला येशील का?" कशाला, ते सांगितलं नाही. वन्संनी जन्मात कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले.

दुकानात हरिभाऊ बसले होते. गणपतीच्या कारखान्यांना रंग, ब्रश, सोनेरी भुकटी पुरवणारे पेणचे व्यापारी, वन्संचं फार जुनं गिऱ्हाईक. नखांत सोनेरी चमक कायमची बसलेली. टेबलावर त्यांच्या नव्या बिलबुकांचा गठ्ठा होता. त्यांच्या जीएसटी नंबरातले दोन आकडे उलटसुलट छापले गेले होते. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाने बिलं परत पाठवली, ऐन हंगामात माल अडला. हरिभाऊ ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "ताई," ते म्हणाले, "चूक कोणाची बी व्हते. पन तुमची नाय व्हत कधी. म्हणून ईचारतो. काय झालाय?"

वन्संनी बिलबुकांचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "हरिभाऊ, मला दिसत नाय."

मी दारातच उभी होते. माझ्याही कानावर ते पहिल्यांदाच पडत होतं. काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना. कडेकडेचं सगळं कधीच गेलं होतं, आणि औषध आता उरलेलं राखण्यापुरतं होतं. "नळीतून बघितल्यासारखं होतं," त्या म्हणाल्या. "आकडा दिसतो, पान दिसत नाय. एक आकडा बघून दुसऱ्यावर जाईपर्यंत पहिला हरवतो." हे त्या इतक्या शांतपणे सांगत होत्या, जणू कॉम्प्युटरच बिघडलाय. हात मात्र टेबलाची कड घट्ट धरून होते.

हरिभाऊंनी टोपी काढली, परत घातली. "मंग आता कोन बघील?"

"ही बघेल," वन्सं म्हणाल्या. माझा आवाज झाला नव्हता, तरी बोट बरोबर माझ्याकडे होतं. "माझी वहिनी."

मला माउस धरता येत नव्हता. हे मी तिथेच सांगितलं. हरिभाऊ माझ्याकडे बघत राहिले, मग वन्संकडे. पनवेलला एका दिवसात काम झालं असतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. "परवा येतो," म्हणाले आणि चपला घालून गेले. गठ्ठा तिथेच राहिला.

ते दोन दिवस मी विसरणार नाही. वन्सं माझ्या शेजारी खुर्चीवर, मी त्यांच्या जागेवर. बाण इकडे नेला की तिकडे पळायचा. एकदा मी सगळी चौकटच पुसून टाकली आणि रडकुंडीला आले, तर म्हणाल्या, "कंट्रोल दाब आणि झेड. आलं ना परत? आयुष्यात असं बटण नाय, इथे हाय. घाबरू नको." मी सांगायची, कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय दिसतंय. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि पान मनात उभं करायच्या. "तपशिलाचा रकाना वाढव. रंगांची नावं लांब असतात, नाहीतर बिचारा खालच्या ओळीत उतरतो. रेघ केवढी आहे? जाड असेल. बारीक कर. अजून. रेघ बारीक ठेव, वहिनी. त्याचं अक्षर दिसलं पाहिजे, आपली रेघ नाय." मी जन्मभर रेशनपासून दवाखान्यापर्यंत इतके कागद हाताळले, पण रेघ कोणीतरी ठरवून आखलेली असते हे कधी मनात आलं नव्हतं. नंबर मी मोठ्याने वाचायचा, त्यांनी म्हणायचा, मग उलटीकडून वाचायचा. पडद्यामागे गॅसवर वालाचं बिरडं लागून करपलं, ते आम्ही तसंच खाल्लं.

हरिभाऊ आले. कच्चा कागद हातात घेतला, खिशातलं पेन काढलं आणि उभ्याउभ्याच त्यावर एक बिल लिहिलं. नेहमीसारखं. मग नंबरावरून बोट फिरवत एकेक आकडा वाचला. "छापा," म्हणाले. उंबऱ्यावर थांबून मला म्हणाले, "वयनी, आता तुमी येत ऱ्हावा. ताईंना सोडू नका." वन्संनी तोंड फिरवलं. त्या रडतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हापासून मी आठवड्यातले दोन-तीन दिवस पेणला राहू लागले. कामं तशी थोडीच यायची. एखादा गॅरेजवाला, एखादी पोह्यांचे पापड करणारी बाई, पावती पुस्तक हवं असलेलं मंडळ. काम नसलं तरी आम्ही दुकान उघडून बसायचो. मी त्यांना रस्त्यावर काय चाललंय ते सांगायची. आमची मैत्री झाली, असं म्हणू का? इतकी वर्षं एका घरातल्या असून आम्हाला एकमेकींचं काही माहीत नव्हतं. त्यांना लिंबाचं लोणचं चालत नाही हे मला साठीला टेकताना कळलं. मला त्यांच्या भावाचा एकेकाळी किती राग यायचा, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "मला पण," म्हणाल्या.

नजर उतरतच होती. एकदा म्हटलं, "वन्सं, गाळा विका आणि रोह्याला या. दोघी राहू." त्यांनी विचार केल्यासारखं केलं. "नको," म्हणाल्या. "एका घरात राहिलो तर फोन कोणाला करायचा? आता कसं, तू निघालीस की मला वाट बघायला काहीतरी असतं." मला तेव्हा ते चेष्टेत बोलल्यासारखं वाटलं होतं. आता रोह्यातल्या घरात बसून त्याचा अर्थ लागतो... वाट बघायला काहीतरी लागतं माणसाला.

शेवटची भेट गणपतीच्या आधीची. मला घरी गणपती म्हणून परतायचं होतं. त्या रंजनाच्या खांद्याला धरून कोपऱ्यापर्यंत आल्या. रिक्षात बसताना मी म्हटलं, "विसर्जन झालं की येते." "ये सावकाश," त्या म्हणाल्या, "घाईचं काम काही नाय." आणि माझ्या थोडं डावीकडे बघत हात हलवला. त्या बघत होत्या तिथे मी नव्हते, पण मीही हात हलवला. विसर्जनानंतर मला ताप आला. रोज फोन व्हायचा. त्या गेल्या त्याच्या आदल्या रात्रीही झाला होता. औषध घेतलंस का, एवढंच विचारलं त्यांनी.

अग्नी पुतण्याने दिला, चुलत घरातल्या. दहाव्याला हरिभाऊ आले होते, थोडा वेळ बसून गेले. गाळा आता कापडवाल्याला दिला आहे. कॉम्प्युटर कोणाला नकोच होता, इतका जुना. मी तो रोह्याला आणला नाही. इथे आणून मी त्यावर काय करणार होते?

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ बदलायचा होता म्हणून बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. या दुकानात मी पहिल्यांदाच जात होते. तिथल्या तरुण मालकाने नळ आणि पाइप कागदात गुंडाळला, गल्ल्याखालून बिलबुक काढलं, कार्बन सरकवला आणि लिहायला लागला. मी सहज बघत होते. वस्तूचं नाव लांबलचक होतं, पण एका ओळीत मावलं. पेन कुठे अडलं नाही. रेघा इतक्या बारीक की त्याचं निळं अक्षरच आधी दिसत होतं... मी त्याला विचारलं, हे बुक कुठून केलं? "वडलांनी केलेलं, पेणला कुठंतरी. हे शेवटचंच. दिवाळीपासून मशीन घेतोय," असं म्हणून त्याने पान टरकावलं आणि माझ्या हातात दिलं.

मी तिथेच, काउंटरच्या कडेला उभी राहून वाचू लागले. वरचं नाव, पत्ता, मग नंबर. नंबर एकदा सुलटा वाचला, एकदा उलटा. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"काय चुकलंय का, मावशी?" त्याने विचारलं.

"नाय रे," मी म्हटलं. "काही चुकलं नाय."