विझायचं तर माहेरी

प्रमिलाताई कुणाच्याही घरात शिरल्या की जयभीम करायच्या आधी मान वर करून छताकडे बघायच्या. बल्ब लुकलुकत नाही ना, एवढी खात्री झाली की मग माणसांकडे वळायच्या. माझी आई चिडवायची, "अवं, मानसं खाली बसून राह्यले, तू काय पाली मोजून राह्यली?"

"मानसाचं दुखलंखुपलं मानूस सांगते वयनी. बल्ब थोडीच सांगते!"

सिंदी रेल्वे या आमच्या गावी, आमच्याच मागच्या खोलीत त्यांच्या बचत गटाचं बल्ब जोडायचं काम चाले. बाजारातल्या स्वस्त एलईडी बल्बांनी लोक पोळले होते. महिनाभरात ते डोळे मिटायचे आणि माणसं पुन्हा जुन्या पिवळ्या बल्बकडे वळायची. निदान बायांनी केलेल्या बल्बवर तरी लोकांचा भरवसा बसावा, हा ताईंचा ध्यास. तयार झालेला प्रत्येक बल्ब त्या भिंतीवरच्या होल्डर ठोकलेल्या फळीत लावून दिवसभर जळत ठेवत. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडे. त्यातही जो टिकला तोच खोक्यात जाई. कुणी कुरकुरलं तर ताई बल्बलाच दटावत, "विझाचं त माहेरी विझ बाई. सासरी जाऊन आमचं नाव नोको घालवू." बोलणं बल्बला, ऐकायचं बायांनी.

एका दिवाळीच्या तोंडावर आसपासच्या गावांतून मोठी मागणी आली आणि नेमका ट्रान्सफॉर्मर जळाला. बल्ब तयार, पण तपासायला लाइनच नाही. बाया अडून बसल्या, "ताई, एक खेप जाऊ द्या नं. दिवाळी काई आपल्यासाठी थांबते का?" ताईंनी अंधारलेल्या फळीकडे पाहिलं. मग त्यांनी होकाराची मान हलवली.

दिवाळी सरता सरता त्या खेपेतले बल्ब पटापट विझू लागले. ताई पिशवीत तपासलेले बल्ब घेऊन घरोघर बदलून देत फिरल्या. एका म्हातारीने पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही. पिवळ्या बल्बखाली भाकरी थापता थापता ती म्हणाली, "राहू दे बाई. तुमच्या बायाइच्या हाताले यश नाई."

हे मला सांगताना ताई रडल्या नाहीत, भडभडून आलं ते मलाच. "तिचं काय चुकलं?" त्या म्हणाल्या. "मी काऊन मान हलवली?"

मागणी आटली, गट मोडला. ताई आमच्याकडे येत राहिल्या, पण आता दारातूनच जयभीम करत आणि खाली बघून बसत. त्यांचं ते वर बघणं थांबलेलं पाहून आईनेही चिडवणं सोडलं.

शेवटच्या आजारात त्या सावंगीच्या दवाखान्यात होत्या. उताण्या पडलेल्या, त्यामुळे डोळे छताकडेच. मला म्हणाल्या, "मले आता नीट दिसत नाई. पाहून सांगजो, तो लुकलुकते का?"

"नाही ताई, स्थिर आहे."

"मंग कोनंतरी त्याले माहेरी जळू देलं असन," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

त्यांच्या फळीवरचा एक बल्ब आमच्या स्वयंपाकघरात अजून जळतो. इतक्यांदा त्या त्याच्याखाली चहा पिऊन गेल्या. "वर बघा ना ताई," एवढं म्हणायचं मात्र राहून गेलं.