आमच्या तालमीतला धर्माचा तास

आमच्या तालमीत रविवारी सकाळी भरणाऱ्या वर्गाचे किस्से सांगायला बसलं की चहा दोनदा गरम करावा लागतो. शिकवणारे आम्ही तिघं. गीता आणि संतवाणी सांगायला कीर्तनकार दिनकरकाका, कुराणातलं सांगायला टेलर इकबालचाचा, आणि नागरिकशास्त्राची रिटायर बाई म्हणजे मी. पोरं दोन्हीकडची, सतरंजी एकच!

तालमीचे अध्यक्ष आप्पा मात्र पहिल्या दिवसापासून नाराज. "धर्म घरात शिकवा की! हॉलमध्ये व्यायामाची मशीन येऊ देत." गणपतीआधी मीटिंग घेऊन वर्गाचा निकाल लावणार, असं त्यांनी जाहीरच केलेलं.

*

इकबालचाचांनी एकदा शिकवलं, वाटेतला अडथळा दूर करणं हीसुद्धा इबादतच. लगेच सहावीतली तमन्ना उठली. "चाचा, फुटपाथवर तुमचीच स्कूटर हाय की!"

चाचा गुपचूप बाहेर गेले, स्कूटर हलवून आले आणि म्हणाले, "बस बेटी. आजचा धडा माझ्यासाठीच हुता."

*

दिनकरकाकांनी शेजारधर्म शिकवला. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी भजन, आणि कर्णा गल्लीकडे तोंड करून! वर्गातली चार पोरं दारात हजर. "काका, शेजारच्या ताईची उद्या दहावीची परीक्षा हाय."

काका चिडले. "अरे, देवाचं नाव हाय हे!"

"व्हय की. पण देव तुमच्या घरातच बसलाय न्हवं? मग कर्णा भाईर कशाला?"

कर्णा उतरला. भजन त्या दिवशी जास्तच रंगलं, असं काकूंचं मत!

*

तालमीच्या महाप्रसादाच्या रांगेत एक नगरसेवक मध्येच घुसले. वाढायला आमची तमन्ना. "पावणं, लाईन मागनं हाय."

"मला ओळखलं नाहीस?"

"वळखलं की! नियम तुम्हीच करताय न्हवं? मग तुमाला ठावं असंल."

साहेब मुकाट्यानं शेवटी जाऊन उभे राहिले. अर्धा तास पुढच्या-मागच्यांशी हात मिळवत प्रचार केला. फायदा त्यांचाच झाला!

*

सहलीला चंदगडला गेलो होतो. एसटीतून उतरताना पोरांनी सीटखालचा सगळा कचरा पिशवीत भरला. कंडक्टर बघतच राहिला. "कुठल्या धर्माची पोरं ही, बाई?"

मी तोंड उघडायच्या आत मागून चार आवाज, "कोल्हापूरची!"

त्या दिवशी मी स्टँडवरून मुद्दाम ताठ मानेनं चालले.

*

आणि मग ती मीटिंग. हॉल गच्च. हात मोजायला आप्पांनी स्वतःच्या बाजूचा माणूस उभा केला, पैलवान बाळू. बाळूची मुलगी सई आमच्याच वर्गातली. ती दाराशी उभी.

बाळूनं मोजलं. "वर्ग बंद करा म्हणणारे बारा. चालू ठेवा म्हणणारे अकरा."

आप्पांनी मिशीवर ताव दिला. दिनकरकाकांनी चाचांचा हात घट्ट धरला. मी तर फळा पुसायचं फडकंसुद्धा पिशवीत भरलं.

दारातून सई एवढंच म्हणाली, "बाबा, नीट मोजलासा न्हवं?"

बाळूनं मान खाली घातली. "न्हाय. माझा हात मी दोनदा मोजलाय."

आप्पा खवळले, "म्हणजे अकरा-अकरा! आता काय करायचं?"

"आता परत मोजा, आप्पा," बाळू म्हणाला. "आणि ह्या टायमाला माझा हात पोरीच्या बाजूनं मोजा!"