कपाटात परत गेलेलं पाकीट

सिस्टरने तांबीचं बंद पाकीट ट्रेमधून उचललं आणि परत कपाटात ठेवलं. पाळणा लांबवायचा म्हणून माझ्या बाळंत झालेल्या भाचीने ती आजच बसवा असं सांगितलं होतं. पण विम्याच्या बाळंतपणाच्या पॅकेजमध्ये तांबी धरलेली नाही. पैसे मी भरते म्हटलं, तर तिच्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "विम्यालासुद्धा जे गरजेचं वाटलं नाही, ते आपल्याला कशाला? सव्वा महिन्यानंतर बघू."

सव्वा महिना बाळंतिणीला उंबरा ओलांडू देत नाहीत. तो सरला की ओटी भरून सासरी पाठवतात, आणि तिथे दवाखान्यात जाऊन येते म्हटलं की सगळं घर विचारतं, कशाला? बाईच्या इच्छेला तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. नंतर बघू म्हणतात. भाची त्या कपाटाकडे बघत बाळाला पाजत राहिली.

निघताना विम्याच्या खिडकीवरच्या माणसाला मी तांबीचं पुन्हा विचारलं. माझी काळजी त्याला वेगळीच वाटली असावी. धीर देत तो म्हणाला, "पुढच्या बाळंतपणाची चिंता करू नका, मॅडम. ते पूर्ण कव्हर आहे."